पाण्याला बूच : मुंबईच्या जमिनीखालचं जेट ग्राउटिंग

(दृश्य : निळ्या पत्र्यांमागचा खोल खड्डा. पंपाचा आवाज. मागे जुनी चाळ, गॅलरीत वाळत घातलेले कपडे.)

मुंबईत खणायला घेतलं की पाणी भेटतंच. कुठे पुरुषभर खोलीवर, कुठे त्याच्याही आधी. समुद्रालगतच्या खड्ड्यात तर ते भरती-ओहोटीबरोबर चढतं आणि उतरतं. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून वसलेलं हे शहर. डांबर उचकटलं की भराव, त्याखाली खाडीचा काळा, चिकट गाळ, मग मुरूम, आणि शेवटी पाषाण.

पाणी उपसून टाकावं, हे पहिल्यांदा सुचतं. पण खड्ड्यातून उपसलं की शेजारच्या जमिनीतलंही उतरतं. गाळ दबतो, आणि समोरच्या चाळीच्या भिंतीवर तडा उमटतो. वाळू असली तर तीही पाण्याबरोबर वाहून येते. म्हणून उपसण्याआधी अडवायचं. त्याचीच एक पद्धत म्हणजे जेट ग्राउटिंग.

(दृश्य : रिग, म्हणजे जमिनीत छिद्र पाडणारं यंत्र. रॉड जमिनीत उतरतोय.)

हा रॉड आधी ठरलेल्या खोलीपर्यंत जातो. टोकाजवळ, बाजूला तोंड करून, काही मिलिमीटरचं नोझल असतं. त्यातून सिमेंट आणि पाण्याची स्लरी साधारण ४०० बार दाबानं सुटते. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम दोन बार! ही धार माती कापते, आणि कापलेली माती जागच्या जागी सिमेंटमध्ये घुसळली जाते. रॉड गोल फिरत, सावकाश वर येतो. मागे राहतो माती-सिमेंटचा खांब, खालून वर तयार झालेला.

ही पद्धत सुमारे अर्ध्या शतकापूर्वी जपानमध्ये आकाराला आली. कधी नुसती स्लरी मारतात, कधी धारेभोवती हवेचं कवच देतात, कधी पाणी आणि हवेनं माती कापून स्लरी वेगळ्या नोझलनं सोडतात. धारेला जोड मिळाली की खांब जाड होतो.

एक खांब पाणी अडवत नाही. कौलं जशी एकावर एक चढवतात, तसे खांब एकमेकांत घुसवावे लागतात. असे ओळीत लावले की भिंत होते. खड्ड्याच्या तळाखाली पसरले की बूच. खड्ड्याच्या कडेच्या दोन पाइलच्या, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या, फटीतून पाणी झिरपत असेल, तर मागून असाच एखादा खांब. भुयार खोदणारं मशीन शाफ्टची, म्हणजे ते ज्यातून खाली उतरवतात त्या उभ्या खड्ड्याची, भिंत फोडून मऊ मातीत शिरणार असेल, तिथेही आधी जमीन अशीच घट्ट करता येते.

मात्र पाषाणापुढे ही धार हतबल आहे. मुंबईत दगड अनेक ठिकाणी लवकर लागतो, त्यामुळे अडचणीची जागा म्हणजे गाळ संपून खडक सुरू होतो तो सांधा. खांब दगडावर नीट टेकला नाही, तर पाणी तिथूनच वाट काढतं. चिकट गाळातही धार दूर पोहोचत नाही. वाळूत सहज मिळणारा व्यास इथे मिळत नाही.

(दृश्य : रॉडभोवतीच्या छिद्रातून उसळणारा करडा चिखल.)

आता नोझल विसरा, इथे बघा. जमिनीखालचं काहीच दिसत नाही. दिसतो तो एवढा वर येणारा चिखल. अनुभवी ऑपरेटरची नजर त्यावरून हलत नाही. रंग काळा झाला की रॉड गाळातून जातोय. आणि चिखल येणं अचानक थांबलं, तर ताबडतोब पंप बंद! बाहेर पडायला वाट नसलेला दाब जमीनच उचलतो, वरचा फूटपाथ फुगतो.

हा चिखल गटारात सोडायचा नाही. त्यात सिमेंट आहे, तो तिथेच जमतो; आणि मुंबईची गटारं तशीही पावसाळ्यात जादा भार सहन करत नाहीत. तो खड्ड्यात साठवून, आळला की डंपरनं न्यावा लागतो.

(दृश्य : उघडा केलेला खांब. टेप.)

मुख्य कामाआधी दोन-चार चाचणी खांब करतात. काही दिवसांनी भोवतीची माती काढून टेप लावतात, ड्रिल करून आतला नमुना बाहेर काढतात. कधी नमुन्याच्या मधोमध न मिसळलेला काळा गोळा निघतो, कधी व्यासच कमी भरतो. मग रॉड वर ओढण्याचा वेग कमी करायचा, खांब आणखी जवळ घ्यायचे, नकाशावर खांबांच्या जागांचे नवे ठिपके मांडायचे.

(दृश्य : रिग पुढच्या ठिपक्यावर सरकते. रॉड पुन्हा खाली.)