कॉलेज सोड म्हणालो, पण कशासाठी?

माझा एक मित्र संभाजीनगरला खोली करून बी.ए. करत होता. करत होता म्हणजे, नाव कॉलेजात आणि स्वारी टपरीवर. त्यानं विचारलं, ‘वाळूजला कंपनीत कामाला लागू का?’ मी म्हणालो, ‘लाग.’

समोर बसलेल्या आईबापांच्या कपाळावर आठ्या दिसतायत, आणि त्या साहजिक आहेत. मराठवाड्यात कॉलेज आयतं मिळालेलं नाही. निजामाच्या राज्यात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. बाबासाहेबांच्या संस्थेनं औरंगाबादला कॉलेज काढलं १९५० साली, आणि आपलं विद्यापीठ झालं १९५८ साली. ज्या घरात आजोबांनी अंगठाच उठवला, तिथं ‘कॉलेज सोड’ म्हणणं म्हणजे पाप. आणि ज्याला डॉक्टर, वकील, नर्स व्हायचंय, त्यानं माझं काही ऐकूच नये.

मित्राला मी एक अट मात्र घातली होती. ठेकेदाराच्या गाडीत बसून हेल्पर म्हणून जायचं नाही. हेल्पर वर्षभर पेट्या उचलतो, मग ठेकेदार बदलतो, आणि हा पुन्हा पहिल्या दिवसावर.

सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, दोन माणसं असतात, ती बघा. ऑपरेटर जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, लावतो, दार ओढतो, बटण दाबतो. हे आठ दिवसांत येतं. पण कापता कापता टूलचं इन्सर्ट, म्हणजे टोकाची धारेची चकती, झिजतं आणि जॉबचा व्यास केसभर वाढत जातो. मायक्रोमीटर लावून दोन शतांश मिलिमीटरचा फरक कुणाला दिसतो? ती झीज भरून काढायला मशीनच्या ऑफसेटमध्ये किती आकडा टाकायचा, हे कुणाला कळतं? तो सेटर. तो रजेवर गेला तर सुपरवायझर त्याच्या घरी फोन करतो. ऑपरेटर रजेवर गेला तर दुसरा उभा करतात. दोघं एकाच शेडमध्ये, एकाच पाळीला, पण पगारात आणि मानात फरक बघा! म्हणून पहिल्या वर्षी दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, शेजारी शिकवणारा माणूस पाहिजे.

सेटर व्हायचा सरळ रस्ता आयटीआयचा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. नाहीतर शिकाऊ उमेदवारी. १९६१ चा कायदा आहे त्यासाठी: करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन मिळतं. मुदत संपल्यावर तीच कंपनी कायम करेल असं मात्र कायदा म्हणत नाही, तेव्हा त्या भरवशावर कर्ज काढून गाडी घेऊ नका. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे तर गावाकडं कुणी सांगतच नाही.

गेटवर पगार विचाराच, पण आधी विचारा: माझं नाव कुणाच्या रोलवर, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? पीएफ कुणाच्या नावानं कापणार? मशीनवर कधी घेणार? उत्तर देताना समोरचा घड्याळ बघायला लागला तर पुढचं गेट गाठा.

मित्राच्या वडिलांची अडचण वेगळीच होती. ‘ते समदं खरं हाय, पण पोरीवाल्याला काय सांगायचं? पोरगं बारावी?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे. पोरानं नोकरी सांभाळून तिथं बी.ए.चा फॉर्म भरला, फी स्वतःच्या पगारातून दिली. ‘आमचा कॉलेजबी करतो अन् कामबी करतो,’ असं वडील आता पारावर सांगतात, आणि सल्ला आपणच दिला होता असंही.