बर्फाखालचे दोन पाणकिडे

[पडद्यावर: गोठलेलं तळं. बर्फाच्या खाली काहीतरी हलतंय.]

डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अख्खं शहर काकडलं, पण तिथल्या फुटाळा तलावाच्या पाण्यावर बर्फ काही धरला नाही. उत्तर युरोपातल्या डबक्यांवर मात्र हिवाळ्यात बर्फाचं झाकणच बसतं. त्याखाली हवेवर जगणारे हे दोन किडे तग धरून असतात.

पहिला नोटोनेक्टा. हा आयुष्यभर उताणा पोहतो. पाठ होडीच्या तळासारखी, आणि मागचे दोन लांब, केसाळ पाय म्हणजे वल्ही.

[जवळून: पाण्याच्या पापुद्र्याला खालून टेकलेले पाय.]

वर माशी पडून फडफडली की तिच्या लहरी याच्या पायांना कळतात. पुढच्या क्षणी माशीच्या अंगात सोंड. बेडकांची पिल्लंही याच्या तावडीतून सुटत नाहीत.

दुसरा कोरिक्सा. वल्ही तशीच, पण हा पालथा पोहतो आणि पसरट पुढच्या पायांनी तळातलं शेवाळ, गाळ ओढून खातो. कॅमेरा शिकाऱ्याकडेच वळतो हे खरं, पण आमचा जीव जडला तो या दुसऱ्यावर. कारण हा गातो! नर पुढचे पाय डोक्यावर घासून साद घालतो. याच्या भाऊबंदांतला मायक्रोनेक्टा शोल्ट्झी जेमतेम २ मिलिमीटरचा. २०११ च्या संशोधनात त्याचा आवाज ९९.२ डेसिबलपर्यंत भरला. आणि तो वाजवतो काय, तर पोटावर घासलेलं जननेंद्रिय.

[पडद्यावर: पोटाशी चमकणारा हवेचा थर.]

दोघेही हवा अंगाला लपेटून बुडी मारतात. तिच्यातला ऑक्सिजन संपू लागला की पाण्यातला आत झिरपतो. पाणी थंड असलं की त्यात ऑक्सिजन जास्त मावतो, शिवाय गारठलेल्या किड्याला तो लागतोही कमी. म्हणून बर्फाखाली निभतं. आपल्या मे महिन्यात सगळंच उलटं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि किड्याची गरज जास्त. सारखं वर यावं लागतं.

भारतात नोटोनेक्टाचा नातलग ॲनिसॉप्स सापडतो. त्याने आणखी एक सोय केली आहे: हिमोग्लोबिन. त्यात साठवलेला ऑक्सिजन पुरेल तोवर तो पाण्याच्या मधोमध अधांतरी राहतो.

या किड्यांना उडताही येतं. रात्री दिव्यावर असा एखादा आला, तर पाण्याच्या वाडग्यात सोडून बघा. उताणा झाला तर बोट लावू नका. कडकडून चावतो.