थरथरणारं लाकूड, स्थिर लाकूड

व्हायोलिन लाकडाचं असतं, तेव्हा संगीताचं सभागृहही लाकडाचंच हवं, असं आपण सहज म्हणून जातो. पण या दोन ठिकाणी लाकडाची कामं अगदी उलटी आहेत. व्हायोलिनची वरची स्प्रूसची (देवदारासारख्या सूचिपर्णी झाडाची) फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची. तारेची हालचाल घोडीतून, म्हणजे तारांखालच्या छोट्या लाकडी टेकूतून, तिच्यापर्यंत पोचते आणि ती थरथरते. त्यासाठीच ती इतकी तासलेली असते. सभागृहाच्या भिंतीनं मात्र थरथरायचं नसतं. पातळ फळ्या आणि त्यांच्यामागे पोकळी, अशी भिंत बांधली की चेलोचा, डबल बासचा खर्ज त्या फळ्या हलवण्यातच खर्ची पडतो. श्रोत्याकडे परतायच्या ऐवजी त्याची उष्णता होऊन जाते. दिसायला देखणं लाकडी पॅनेलिंग, आणि ऐकायला पोकळ ऑर्केस्ट्रा!

फिनलंडमधल्या लाहती शहरात हा प्रश्न मुळापासून सोडवला गेला. लाहती हे सुतारकामाचं, फर्निचरचं गाव. इथे वेसियार्वी तलावाच्या काठी, एका जुन्या सुतारकारखान्याला जोडून, २००० साली सिबेलियस हॉल उभा राहिला. वास्तुरचनाकार हन्नु टिक्का आणि किम्मो लिंटुला. ध्वनीची बाजू सांभाळली अमेरिकेच्या रसेल जॉन्सन यांच्या आर्टेक संस्थेनं.

मुख्य सभागृहाच्या भिंती लाकडाच्याच आहेत, पण आतून पोकळ नाहीत. त्यांच्यात वाळू भरली आहे. वाळूनं भिंतीला वजन येतं, आणि जड भिंत खर्ज गिळत नाही, परतवते. सगळी करामत एवढीच, पण ती प्रेक्षकाला कुठेही दिसत नाही. सभागृहाचा आकार जुना, लांबट खोक्यासारखा: बाजूच्या भिंती जवळ असल्यामुळे सूर डावीउजवीकडून लगेच कानावर येतात, आणि आपण संगीताच्या आत बसलोय असं वाटतं. भोवती रिकाम्या खोल्या आहेत. त्यांची दारं उघडली की सुरांची आस लांबते, मिटली की आवाज आटोपशीर होतो. सिंफनीला साधारण दोन सेकंदांचा घुमारा मानवतो. भाषणाला तेवढा दिला तर शब्दांचा काला होईल.

बाहेरच्या दालनाचं नाव मेत्सॅहल्ली, म्हणजे वनदालन. लाकडी खांब वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात, आणि काचेपलीकडे तलाव. मध्यंतरात लोक इथे येतात. निसर्ग पाहायचा तो इथून. आत वाजत असताना वाऱ्याचा आवाजही नको.

त्याच वर्षी जर्मनीत हॅनोव्हरच्या जागतिक प्रदर्शनात स्विस वास्तुरचनाकार पीटर झुमथोर यांनी याच्या बरोब्बर उलटं केलं. स्वित्झर्लंडचं दालन म्हणून त्यांनी नुसत्या तुळया रचल्या, वखारीत ओलं लाकूड वाळत घालतात तशा. खिळा नाही, गोंद नाही. पोलादी सळया आणि स्प्रिंगा तुळयांना वरून दाबून धरायच्या. लाकूड वाळून आकसलं तरी दाब सुटायचा नाही. फटींतून वारा यायचा, उघड्या चौकांत पाऊस पडायचा, आणि ॲकॉर्डियन, हॅमर्ड डल्सिमर (संतूरसारखं वाद्य) वाजवणारे कलाकार त्या बोळांतून फिरत असायचे. संगीताची मांडणी डॅनियल ओट यांची. इथे खर्ज भिंतींमधून निसटतच असणार. पण मला वाटतं, फिरत्या श्रोत्याची त्याला हरकत नव्हती. प्रदर्शन संपलं, तुळया सुट्या केल्या आणि विकल्या.

एस्टोनियाच्या विद्यार्थ्यांनी तर वादकच वगळले. लाटव्हियाच्या सीमेजवळ, पॅह्नीच्या जंगलात, २०१५ साली त्यांनी लाकडाचे तीन प्रचंड कर्णे ठेवले. प्रत्येकाचं तोंड सुमारे ३ मीटर रुंद. तिन्हींची तोंडं अशी वळवली आहेत की मधोमध उभं राहिलं तर पानांची सळसळ, पाखरांचे आवाज तिन्हीकडून एकत्र येतात. कल्पना बिर्गिट ओइगुस या विद्यार्थिनीची. कधी तिथे छोटी मैफल होते, तेव्हा कर्णे रंगमंच होतात. एरवी पायी भटकणारे लोक त्यांत पथारी टाकून रात्र काढतात.