क्रूझची केबिन निवडताय? खिडकी नंतर बघा, आधी डोक्यावर काय आहे ते बघा

[कॅमेरा फरशीवर. मास्किंग टेपने आखलेला लांबट चौकोन.]

ही बघा केबिन. काल रात्री मी हॉलमधलं टीपॉय उचललं आणि फरशीवर टेप लावून नऊ फूट बाय अठरा फूट आखून काढलं. १६२ चौरस फूट. मोठ्या जहाजांवरची साधी केबिन याच्याच आसपास असते, जुन्या जहाजांवर याहूनही लहान. दाराजवळ बाथरूम, समोर कपाट, इथे डबल बेड, इथे आरसा आणि छोटं टेबल. उरली ही एवढी वाट. त्यात दोन बॅगा, स्ट्रोलर आणि डायपरचं मोठं पाकीट ठेवायचं. आणि मग तीन वर्षांच्या पोराला सांगायचं, "बाळा, धावू नकोस हं."

[उभी राहून, कॅमेऱ्याकडे]

नमस्कार मंडळी. मुलं लहान आहेत आणि क्रूझला जायचंय म्हटलं की मला पहिला प्रश्न येतो, "बाल्कनी घेऊ का?" बाल्कनीवर येऊच आपण. पण त्याआधी मला सांगा, झोपणार कोण कुठे?

वेबसाइटवर लिहिलेलं असतं, चार जणांसाठी. फोटोत मात्र एकच बेड. मग बाकीचे दोघं? ते छतातून किंवा भिंतीतून खाली येतात. रेल्वेचा अप्पर बर्थ आठवा, तसंच. नाहीतर सोफा उघडून बेड होतो. आता तुमचं पोर चार वर्षांचं असेल, तर वरच्या बर्थवर त्याला झोपवायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत. आम्हाला हे केबिनमध्ये शिरल्यावर कळलं. मग काय, नवरा वर. सहा फुटांचा माणूस, छत नाकापासून वीतभर. तीन रात्री काढल्या बिचाऱ्याने, अजून ऐकवतो.

दुसरी गंमत बाळांची. आपल्याला वाटतं कडेवरचं बाळ, त्याला कुठे वेगळी जागा लागते? जहाजावर लागते. बोटीत जितकी माणसं, तितक्यांची सोय लाइफबोटीत हवी, म्हणून आठ महिन्यांचं बाळही पूर्ण माणूस मोजलं जातं. तीन जणांच्या केबिनमध्ये तुम्ही दोघं, मोठी मुलगी आणि बाळ, असं चालत नाही. आणि बाळाचं वय किमान किती हवं, तेही आधी विचारा. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, लांबच्या सफरींना तर वर्ष पूर्ण लागतं. बाळाचं कॉट बुकिंग करतानाच मागून ठेवा. ते आलं की ही वाट संपली. रात्री बाथरूमला जायचं तर बेडवरून रांगत जायचं.

म्हणून चौघं असाल तर एक हिशेब करून बघा. एका बाल्कनीवाल्या केबिनमध्ये चौघं कोंबून किती, आणि आतल्या, बिनखिडकीच्या दोन साध्या केबिन, मध्ये दार असलेल्या, घेतल्या तर किती. क्रूझचं भाडं माणशी असतं, पहिल्या दोघांना पूर्ण, तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक वेळा कमी. त्यामुळे दोन केबिन नेहमी स्वस्त पडतीलच असं नाही, पण फरक पुष्कळदा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो. आणि मिळतं काय? दोन बाथरूम! लहान मुलांच्या घरात दोन बाथरूमची किंमत मी तुम्हाला सांगायला नको. फक्त बुकिंगला "कनेक्टिंग" असं स्पष्ट म्हणा. नुसतं "शेजारी-शेजारी" म्हणालात तर मध्ये भिंत येते आणि तुम्ही रात्री पायजम्यात कॉरिडॉरभर फेऱ्या मारता. उलट एकच केबिन घेत असाल तर हे मधलं दार टाळा. त्यातून पलीकडचा टीव्ही ऐकू येतो, आणि तुमच्या बाळाचं रडणं पलीकडे.

[स्क्रीनवर डेक प्लॅन, दोन मजले एकावर एक]

आता जागेबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः आपटलेय.

आमची पहिली क्रूझ. जहाजाचं नाव राहू दे. एजंट म्हणाला, "मॅडम, वरचा डेक देतो, पूल अगदी जवळ." मी खूश. पूल जवळच होता, बरोब्बर डोक्यावर. पहाटे साडेपाचला खर्रर्र. मग पुन्हा खर्रर्र. वर साफसफाई चालू झालेली, आरामखुर्च्या ओढून रांगेत लावत होते. मुलगी टुणकन उठून बसली, "आई, वर कोण आहे?" त्यानंतर ती काही झोपली नाही, आणि आम्हीही नाही. तीन सकाळी हेच.

तेव्हापासून मी केबिनचा नंबर हातात आल्याशिवाय पैसे भरत नाही. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडायचा, आपली केबिन शोधायची, मग बरोब्बर वरचा मजला बघायचा आणि बरोब्बर खालचा. वर पूल, बुफे, स्वयंपाकघर नको. खाली थिएटर, डिस्को, बार नको. रात्री बारापर्यंत ढुमढुम पायाला लागते. वर केबिन, खाली केबिन, मध्ये आपण. सँडविचमधली काकडी. अगदी पुढे, नाळेकडेही नको, नांगर टाकतात तेव्हा पलंगासकट हादरता. लिफ्ट जवळ असावी, पण दारासमोर नको.

आणि हलणं? सी-सॉ आठवा. दोन टोकांची मुलं वर-खाली होतात, मध्ये बसलेला जागच्या जागी. म्हणून लांबीने मधली आणि उंचीने खालची केबिन कमी हलते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बोट सहसा लागत नाही. लागते ती शाळकरी मुलांना, आणि त्यांच्या आयांना.

"गॅरंटी केबिन" म्हणून एक स्वस्त प्रकार दिसेल. गॅरंटी फक्त केबिन मिळण्याची, कुठली ते कंपनी ठरवणार. दोघंच जात असाल तर खुशाल घ्या. मुलांबरोबर नको.

[कॅमेरा जवळ]

चला, बाल्कनी.

आधी आतल्या, बिनखिडकीच्या केबिनबद्दल एक चांगला शब्द. दिवा घालवला की मिट्ट काळोख. दुपारी दोनला मूल असं झोपतं की विचारू नका. तोटा हा की सकाळचे सात वाजले की रात्रीचे तीन, कळत नाही. एक छोटा नाइट लॅम्प न्या.

मग बाल्कनी कशासाठी? मुलांसाठी नाही. तुमच्यासाठी. साडेआठला मूल झोपतं. मग तुम्ही दोघं कुठे जाणार? अंधारात बेडवर बसून मोबाइल बघता. बाल्कनी असेल तर दार ओढून घ्या, बाहेर दोन खुर्च्या, समुद्र आणि कुजबुजत का होईना, गप्पा. चार-पाच रात्रींची सफर आणि लवकर झोपणारं मूल असेल, तर मी पैसे बाल्कनीवर घालीन.

पण पोर चढणारं असेल तर नाही. तुमचं पोर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. कठडा साधारण साडेतीन फूट उंच, माझ्या छातीच्या थोडा खाली. शेजारी खुर्ची ठेवली की दोन वर्षांच्या मुलाला ती शिडी. दाराची कडी उंचावर असते खरी, पण ती आपणच उघडी विसरतो. घेतलीतच तर केबिन आवरणाऱ्याला सांगून बाहेरच्या खुर्च्या आत घ्या, रात्री दोघं बसाल तेव्हाच काढा. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडू नका. वारा आरपार जातो आणि ते जड दार धाडकन आपटतं. तिथे कोणाची बोटं असतील तर?

मुंबईहून जाणाऱ्यांपुढे हा प्रश्न फारसा येतच नाही. 2021 च्या सप्टेंबरपासून मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही 1990 सालची, फ्रान्समध्ये बांधलेली बोट. त्या काळात बाल्कनीची एवढी चाल नव्हती, त्यामुळे त्या मोजक्याच आणि केबिनही आटोपशीर. दोन रात्रींच्या गोव्याला खिडकीवाली, मधल्या भागातली घ्या आणि विषय मिटवा. मुलं खिडकीला नाक लावून बसतात, तेवढं पुरतं.

अमेरिकेतल्या मंडळींनो, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'ओएसिस' जातीच्या जहाजांवर काही बाल्कन्या समुद्राकडे नाहीत, आतल्या बागेकडे किंवा जत्रेसारख्या चौकाकडे उघडतात. चौकाकडची घेतलीत तर रात्रीचा गोंगाट धरून चाला. आणि डिस्नेच्या जहाजांवर बऱ्याच केबिनमध्ये टॉयलेट एकीकडे, आंघोळ दुसरीकडे असते. ज्याने हे ठरवलं त्याला मुलं असणार.

[हातात स्टीलचा थर्मास]

हा मात्र कुठल्याही केबिनमध्ये लागतो. किटली बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. बुफेमधून गरम पाणी भरून आणायचं आणि नाचणी सत्त्व कालवायचं. आंघोळीला बादली-मग नाही, फक्त शॉवर, आणि शॉवरला घाबरणारं बाळ असेल तर हवा भरायचा छोटा टब न्या. बाथरूमला उंबरठा असतो, चांगला बोटभर उंच. पहिल्या दिवशी सगळे ठेचकाळतात. भिंती बहुधा लोखंडी, त्यामुळे चुंबकाचे हूक चिकटतात. सहा हूक नेलेत तर ओले स्विमसूट, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर जातं आणि ही वाट...

[खाली टेपकडे बोट]

...मोकळी राहते. तुमच्या केबिनचं माप वेबसाइटवर असतं. आज रात्री हॉलमध्ये आखा, सगळ्यांना आत उभं करा, बॅगाही ठेवा. मग पैसे भरा.

मी आता ही टेप काढते. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, टीपॉय कुठे गेलं म्हणून.