प्रागचा नाताळ : चौकापलीकडे

[दृश्य : जुन्या शहराचा चौक. संध्याकाळ. दिवे लागत आहेत.]

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रागमध्ये दुपारी चारलाच सूर्य मावळतो. चौकातलं उंच झाड उजळतं. त्याच्या मागे टीन चर्चचे दोन काळे मनोरे. दर तासाला सगळी गर्दी जुन्या नगरभवनाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते, कारण तिथलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ आता वाजणार असतं. सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि येशूचे बारा प्रेषित एकामागून एक दर्शन देऊन जातात.

लाकडी टपऱ्यांमधून गरम वाइनचा वास येतो. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. शेजारी सळईला गुंडाळून भाजलेलं, साखरेत घोळवलेलं ट्रदेल्निक विकायला असतं. पाटीवर ‘जुनं प्राग’ लिहिलेलं असलं तरी त्याचा इथला सुळसुळाट गेल्या काही दशकांतला, पर्यटकांच्या मागून आलेला. खायला काहीच हरकत नाही. चौकही डोळे भरून बघावा. पण प्रागच्या माणसांचा नाताळ बघायचा असेल, तर इथून बाहेर पडायला हवं.

[दृश्य : ट्रामचा थांबा. फुटपाथवर पाण्यानं भरलेले मोठे हौद.]

20 तारखेच्या आसपास शहरभर, ट्रामच्या थांब्यांजवळ, मेट्रोच्या तोंडाशी, दुकानांपुढे असे हौद मांडले जातात. आत जिवंत कार्प मासे. रबरी एप्रन लावलेला विक्रेता जाळीनं मासा उचलतो, तराजूत टाकतो आणि विचारतो : साफ करून देऊ, की जिवंत नेणार?

हा मासा येतो दक्षिण बोहेमियातल्या, म्हणजे चेक देशाच्या दक्षिणेकडच्या, त्रेबोनच्या तळ्यांमधून. ही तळी निसर्गानं दिलेली नाहीत, माणसांनी खणलेली आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं रोझमबर्क. याकुब कर्चिन या जाणकारानं 1584 ते 1590 या काळात ते बांधून घेतलं. सव्वाचारशे वर्षांनंतरही ते पाण्यानं भरतं आणि शरद ऋतूत पाणी सोडून त्यात जाळी ओढली जातात. पकडलेला मासा लगेच बाजारात येत नाही. काही आठवडे त्याला वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवतात, म्हणजे अंगातला चिखलाचा वास जातो. फुटपाथवरच्या त्या हौदामागे एवढी मेहनत आणि एवढा इतिहास असतो.

पूर्वी बऱ्याच घरी हा मासा जिवंतच आणत आणि चोवीस तारखेपर्यंत न्हाणीघरातल्या टबात सोडून ठेवत. मुलं त्याला नाव ठेवायची, आणि मग तो मारायची वेळ आली की घरात रडारड. काही कुटुंबं शेवटी तो उचलून व्ल्तावा नदीत सोडून यायची. तळ्यात वाढलेला मासा थंडगार नदीत जगतोच असं नाही, हे मुलांना कुणी सांगत नसे. आता बहुतेक लोक साफ केलेले तुकडेच नेतात, पण हौद काही हटलेले नाहीत.

[दृश्य : माला स्त्राना. कार्मेलितस्का रस्ता. चर्चचा दरवाजा.]

चार्ल्स पूल ओलांडला की नदीपलीकडचा हा जुना भाग. रस्त्याला लागूनच विजयी मातेचं चर्च आहे. हे बांधलं जर्मन ल्युथरपंथीयांनी, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी. 1620 साली व्हाइट माउंटनच्या लढाईत प्रोटेस्टंट पक्ष हरला आणि चर्च कॅथलिक संन्याशांच्या कार्मेल संघाकडे गेलं. आत उजव्या हाताच्या वेदीवर काचेमागे एक छोटीशी मूर्ती आहे, जेमतेम 47 सेंटिमीटरची. आत लाकूड, वर मेण. डाव्या हातात पृथ्वीचा गोल, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डोक्यावर मुकुट.

महाराष्ट्रातल्या अनेक प्रेक्षकांनी हे रूप ओळखलंही असेल. नाशिकरोडला दर फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, वसईहून, मुंबईहून, गोव्याहून लोक नवस फेडायला येतात. त्या भक्तीचं मूळ या वेदीपाशी आहे.

मूर्ती मूळची स्पेनची. एक स्पॅनिश सरदारकन्या लग्न होऊन बोहेमियात आली तेव्हा तिनं ती सोबत आणली. तिची मुलगी पोलिक्सेना लोब्कोविच हिनं 1628 मध्ये ती इथल्या संन्याशांना दिली. तीनच वर्षांनी सॅक्सन सैन्य शहरात शिरलं. मठ लुटला गेला, मूर्तीचे हात तुटले आणि ती वेदीमागच्या अडगळीत पडून राहिली. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली. त्यांनी हात पुन्हा बसवून घेतले.

या बाळाचे कपडे ऋतूप्रमाणे बदलतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात जांभळे, नाताळात शुभ्र. भगिनी मोठ्या निगुतीनं हे काम करतात. वरच्या मजल्यावरच्या छोट्या संग्रहालयात जगभरातून आलेले झगे मांडलेले आहेत. त्यांतला हिरव्या मखमलीचा एक सम्राज्ञी मारिया तेरेझा हिचा, 1743 सालचा. भरतकाम तिनं स्वतःच्या हातानं केलं, असं सांगतात. प्रागमध्ये एकच दुपार हाताशी असेल, तर ती किल्ल्यावर न घालवता इथे घालवावी, असं आम्ही मनापासून सुचवू.

[दृश्य : 24 डिसेंबर. दुकानांची शटरं खाली येत आहेत.]

चोवीस तारखेला दुपारी बाराला मोठी दुकानं बंद होतात. तसा कायदाच आहे. संध्याकाळी ट्राम तुरळक होतात आणि रस्ते ओस पडतात. ऐन सणाच्या रात्री शहर असं मिटलेलं पाहून पाहुणे गोंधळतात. सण आता घरात गेलेला असतो.

दिवसभर मुलांना उपास. संध्याकाळपर्यंत जो काही खाणार नाही त्याला भिंतीवर सोन्याचं डुक्कर दिसेल, असं आमिष असतं. पहिली चांदणी दिसली की पानं मांडतात. आधी माशाचं सूप, मग मैदा, अंडं आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला कार्प, सोबत आदल्या दिवशीच करून मुरवलेलं बटाट्याचं सॅलड. ताटाखाली माशाचं एक खवलं ठेवतात. जेवण झालं की ते पाकिटात जातं, वर्षभर पैसा कमी पडू नये म्हणून. मग सफरचंद आडवं कापायचं. आत बियांची चांदणी दिसली तर घरात सगळ्यांना आरोग्य. सगळ्यांचे डोळे त्या सुरीवर असतात.

आणि मग दुसऱ्या खोलीतून घंटीचा आवाज येतो. मुलं धावतात. झाडाखाली भेटी आलेल्या असतात. आणणारा सांता नाही. इथे भेटी आणतो येझीशेक, म्हणजे बाळ येशू. तो कसा दिसतो हे कुणी सांगत नाही. तो खिडकीतून येतो, घंटी वाजवतो आणि निघून जातो.

त्याला हटवायचा प्रयत्नही झाला. 1952 च्या नाताळात कम्युनिस्ट पंतप्रधान अंतोनिन झापोतोत्स्की यांनी मुलांसाठी रेडिओवर भाषण केलं. येझीशेक आता मोठा झाला, त्याला दाढी आली, तो हिमआजोबा झाला, असं त्यांनी मुलांना सांगितलं. हे हिमआजोबा सोव्हिएत रशियातून आयात केलेले. मिरवणुका निघाल्या, चित्रं लागली. घरोघरी मात्र आईवडील तीच घंटी वाजवत राहिले. 2021 च्या जनगणनेत या देशातल्या जवळपास निम्म्या लोकांनी आपल्याला धर्म नाही असं नोंदवलं. त्यांच्याही घरी भेटी येझीशेकच आणतो. सरकारी हुकूम या एका बाळापुढे चालला नाही, हे आम्हांला प्रागच्या साऱ्या राजवाड्यांहून मोठं वाटतं.

[दृश्य : रात्र. चर्चच्या सज्जात वादक स्वर जुळवत आहेत.]

रात्री रस्ते पुन्हा जागे होतात. लोक मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, निघालेले असतात, आणि त्यांतले कितीतरी वर्षातून एवढ्या एकाच रात्री चर्चची पायरी चढतात. ते येतात संगीतासाठी. अनेक चर्चमध्ये या दिवशी याकुब यान रिबा यांची चेक नाताळ-मिस्सा गायली जाते.

रिबा रोझमिताल या लहानशा गावातले शाळामास्तर. 1796 मध्ये त्यांनी ही रचना केली. चर्चमध्ये लॅटिनचं राज्य असताना त्यांनी मिस्सा लिहिली ती चेक भाषेत, आणि बेथलेहेमची रात्र आणून सोडली बोहेमियाच्या शेतांत. सुरुवातीलाच एक तरुण मेंढपाळ आपल्या मालकाला हाका मारून उठवतो : उठा, बघा, आभाळात उजेड पडलाय, कसले स्वर ऐकू येताहेत! मालक झोपेतून कुरकुरत उठतो. मग सगळं गाव जागं होतं आणि गात, वाजवत बाळाकडे निघतं.

या मास्तरांचं आयुष्य सुखाचं नव्हतं. तुटपुंजा पगार, वरिष्ठांशी सततचे खटके, मोठं कुटुंब. 1815 मध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं जीवन संपवलं. आज त्यांची ही रचना चेक माणसाला तोंडपाठ असते. मेंढपाळाची पहिली हाक सज्जातून आली की खाली बाकांवरचे लोकही गाऊ लागतात. जागा हवी असेल तर तासभर आधी पोचा आणि कोट अंगावरच ठेवा. जुन्या दगडी चर्चमध्ये आतही तेवढीच थंडी असते.