मोड आले की प्रथिनं दुप्पट होतात?

नमस्कार मंडळी! आज थेट वजनकाट्यापासून सुरुवात. हा कोरडा मूग, बरोबर 100 ग्रॅम. आणि ही पंचात बांधलेली पुरचुंडी. यातही 100 ग्रॅमच मूग घेतला होता, परवा रात्री भिजत घातला, काल सकाळी बांधला. सोडते हं... बघा, काटा दोनशेच्या पुढे गेला.

हे जे वाढलंय ना, ते पाणी आहे. कोरड्या मुगात 100 ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम प्रथिनं. पुरचुंडीतही तेवढीच, फक्त आता ती दुप्पट वजनात पसरलीत. म्हणजे वाटीभर मोडांत वाटीभर कोरड्या मुगापेक्षा प्रथिनं कमीच! मग 'मोड आणले की प्रथिनं दुप्पट' हे व्हॉट्सअ‍ॅपवर येतं कुठून? कोंब फुटताना दाणा स्वतःतलं पिठूळ खाऊन जगतो. पिठूळ घटलं की उरलेल्यात प्रथिनांचा टक्का जरा वर दिसतो. बस्स, एवढंच.

पण म्हणून मोड आणणं वाया नाही. खरी गंमत पुढे आहे.

दाण्यात फॉस्फरसचा साठा असतो फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल लोह आणि जस्ताला धरून बसतं, पोटात सुटू देत नाही. कोंबाला तो फॉस्फरस हवा असतो, म्हणून दाण्यातलं फायटेज नावाचं विकर कामाला लागतं आणि ते आम्ल तोडतं. लोह होतं तेवढंच राहिलं, पण अंगी लागायची शक्यता वाढली. कडव्या वालांचं तर आणखी पुढचं. मोड आल्यावर आपण ते सोलतो, आणि लोहाला अडवणारं टॅनिन मुख्यतः सालीतच असतं. बिरड्यासाठी तासभर वाल सोलत बसणाऱ्या बायकांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं!

गॅसचंही तसंच. रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोट फुगतं. उगवताना दाणा या साखरा आधी संपवतो. थोडं काम भिजवण्याचं पाणी फेकलं तिथेच झालेलं असतं.

आणि क जीवनसत्त्व. कोरड्या कडधान्यात ते नसल्यातच जमा, मोडांत तयार होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) भारतीय सैनिकांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्याने हिरड्या सुजून रक्त येणारा आजार, झाला होता. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ यांनी गिनिपिगांना कोरडी आणि मोड आलेली कडधान्यं खाऊ घालून पाहिली. 1919 साली त्यांचा निबंध आला: कोरड्यांनी स्कर्व्ही अडत नाही, मोडांनी अडतो. तेव्हा या जीवनसत्त्वाला 'सी' हे नावही मिळालं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग कच्चेच खाऊ. नको, निदान सवयीने तरी नको. उबदार, ओलसर पुरचुंडी जिवाणूंनाही आवडते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली, पन्नासच्या वर माणसं गेली. नुसतं धुऊन हे जिवाणू जातीलच असं नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस घरात असेल तर त्यांना शिजवूनच द्या.

शिजवताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, हे खरं. म्हणून मटकीची उसळ झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात करा, शिट्ट्यांवर शिट्ट्या नकोत. ते पाणी ओतून देऊ नका, त्याचा रस्सा होतो. आणि वाढताना वरून लिंबू पिळा. गेलेलं क थोडं परत येतं आणि लोह शोषायलाही मदत होते.

राजम्याला मात्र हे लावू नका. मोड आले तरी त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन जात नाही. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळूनच शिजवायचा.