समोरासमोरच्या दोन खिडक्या

नमस्कार, श्रोतेहो. सप्टेंबरमधला विषुवदिन होऊन गेला. आता रात्र हळूहळू दिवसाहून मोठी होत जाईल, संध्याकाळच्या हवेत गारवा येईल आणि दिवस कलला की घरोघरी आधी खिडक्या लावल्या जातील. एरवी याविषयी बोलण्यासारखे काहीच नव्हते. परंतु 2020 साल निराळे होते. त्या वर्षी 11 मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-19 ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि तेव्हापासून कचेरी, शाळा व संसार ही तिन्ही बिऱ्हाडे एकाच छपराखाली आली. जी माणसे पूर्वी केवळ रात्रीपुरती एकत्र असत, ती दिवसभर एकमेकांच्या श्वासांत वावरू लागली.

हात वीस सेकंद साबणाने धुवावेत, बाहेर पडताना नाक-तोंड झाकावे, हे आपण सर्वजण जाणता. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. हवेचे मात्र सांगायला हवे. त्याच वर्षी जुलैच्या सुरुवातीला 239 शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिलेले एक आवाहन प्रसिद्ध झाले. बोलताना, खोकताना किंवा नुसता श्वास सोडताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण बंद जागेत बराच वेळ तरंगत राहू शकतात, याची दखल घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही गर्दीच्या आणि हवा न खेळणाऱ्या बंद जागांमध्ये ही शक्यता नाकारता येत नाही, असे मान्य केले. तेव्हा हवा खेळती ठेवायची, आणि त्यासाठी शक्य तेथे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या. पुन्हा सांगतो, एक नव्हे, समोरासमोरच्या दोन.

हे आमच्या घरी कसे पटले, ते ऐकण्यासारखे आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, कानटोपी घालून बसतात आणि ऋतू पालटताना वारा बाधतो, या मतावर ते आयुष्यभर ठाम राहिलेले आहेत. ऊन उतरले की ते स्वतः उठून घरातील प्रत्येक खिडकीची कडी लावत असत. त्यांना आयतेच साथीदारही मिळाले होते, कारण रस्त्यावरचा गोंगाट कचेरीच्या ऑनलाइन बैठकीत ऐकू जातो म्हणून पत्नीला खिडकी बंद हवी असे, आणि मुलीला तिच्या ऑनलाइन शाळेच्या तासाच्या वेळी खोलीचे दारही बंद लागे. मी खिडकी उघडावी आणि आप्पांनी ती लावावी, असा आमचा मूक संवाद बरेच दिवस चालला होता.

अखेर मुलीने एका संध्याकाळी मेणबत्ती आणली. ती पेटवून तिने फुंकर मारून विझवली आणि वातीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवून विचारले, "आप्पा, हा धूर कुठे जातो आहे, सांगा."

"जायचा कुठे? इथेच तर आहे," आप्पा म्हणाले. खरोखरच तो धूर सरळ वर चढून छताखाली पसरत होता. तिने दिवाणखान्याची खिडकी उघडली, तेव्हा धूर थोडा डगमगला, पण खोली सोडून काही गेला नाही. आप्पांच्या चेहऱ्यावर विजयाची छटा उमटली. मग तिने पलीकडे जाऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडली. त्याबरोबर ती उभी करडी रेघ एकदम आडवी झाली, खुर्च्यांच्या पाठींवरून लांबत गेली आणि खिडकीच्या गजांमधून बाहेर निघून गेली. आप्पांनी कानटोपी वर सारली आणि म्हणाले, "पुन्हा पेटव."

त्या संध्याकाळी ती मेणबत्ती किती वेळा पेटली आणि किती वेळा विझली, याची गणती कोणी ठेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र घरातील खिडक्यांचा कारभार आप्पांनी आपल्याकडे घेतला. दर तासाला गजर लावून, शाल पांघरून ते उठत, दोन्ही खिडक्या सताड उघडत आणि दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत उभे राहत. एकदा पत्नीची महत्त्वाची बैठक ऐन रंगात असताना कॅमेऱ्यामागून शाल आणि कानटोपी गेली. वरिष्ठांनी विचारले, "मागे कोण आहे?" ती शांतपणे उत्तरली, "आमचे वायुवीजन अधिकारी." एका सहकाऱ्याने कुतूहलाने अधिक चौकशी केली, आणि तेवढ्या निमंत्रणावर आप्पा मेणबत्ती घेऊन पडद्यासमोर येऊन बसले. त्या दिवशीचा उरलेला कार्यक्रम पुढच्या बैठकीवर ढकलावा लागला.

वारा बाधतो, हे आप्पांचे मत आजही कायम आहे. फरक एवढाच, की आता ते आधी सर्वांना अंगावर काहीतरी पांघरायला लावतात आणि मगच कडी काढतात. थोडा वेळ खिडक्या पूर्ण उघडल्या तर हवा बदलते, पण भिंती आणि सामान तेवढ्यात थंड होत नाही. म्हणून खिडक्या लावल्यावर खोली लवकर उबदार होते. गारवा आला तरी खिडक्या उघडत राहायला हव्यात, कारण 1918 च्या इन्फ्लुएंझाची सर्वांत घातक लाटही त्या वर्षीच्या याच महिन्यांत आली होती. जाता जाता एक सांगतो, सुगंधी फवारा मारल्याने खोलीतील हवा शुद्ध होत नाही, ती केवळ सुगंधी होते.

ज्यांच्या खोलीला एकच खिडकी आहे, त्यांनी टेबलपंखा खिडकीजवळ, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवावा, म्हणजे आतील हवा बाहेर ढकलली जाईल. घरात कोणी आजारी असल्यास त्या व्यक्तीच्या खोलीचे दार बंद आणि खिडकी उघडी ठेवावी. तेथेही पंख्याचे तोंड खिडकीकडेच असावे, दाराकडे कधीही नसावे. स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल, तर तो काम आटोपल्यावरही काही वेळ चालू राहू द्यावा. नमस्कार.